पुतळाकाकीची लोटी

पुतळाकाकी हातात तांब्याची लोटी घेऊन उंबऱ्याबाहेर पडली की पोशीर गावातली अर्धी आळी कामं टाकून दारात येई. काकी देवळाच्या बाजूला वळली तर विहिरीकडची घरं सुस्कारा सोडत, विहिरीकडे वळली तर देवळाकडची. कारण ती लोटी शेवटच्या पाण्याची. गावात कुणी जायला टेकलं आणि जीव घुटमळत राहिला की घरची माणसं काकीला बोलावणं धाडत. काकी यायची, रडणाऱ्यांना ओटीवर हाकलायची, दार लोटून घ्यायची, आणि जरा वेळानं बाहेर येऊन म्हणायची, "रडा आता." इतकं हुकमी काम आमच्याकडे एसटीचंही नाही.

एकदा मात्र घोटाळा झाला. दामूअण्णा तापानं पडले होते. ताप साधाच, पण अण्णांचं कण्हणं मोठं. काकीच्या घरात त्या दिवशी ताक नव्हतं, आणि हाताला दुसरं भांडं लागलं नाही म्हणून ती लोटीच घेऊन अण्णांच्या दारात उभी राहिली. अण्णांनी डोळे किलकिले करून लोटी पाहिली मात्र, घोंगडी भिरकावून ताडकन उठले. "मला काय झालं नाय! कोन म्हनतो मला झालंय?" असं ओरडत परसात गेले आणि लाकडं फोडायला लागले. घामानं ताप उतरला. "ताक हाय का इचाराया आलते," काकी त्यांच्या सुनेला म्हणाली, "तर ह्यो कुऱ्हाड घेऊन सुटला." अण्णा आजही ही गोष्ट खोटी आहे म्हणतात, पण काकी दिसली की ते आधी तिच्या हातात काय आहे ते बघतात.

बाकी काकीचा खरा धंदा वांग्या-मिरच्यांचा. उंच, काटकुळी बाई, दात मिश्रीनं काळे, आणि जीभ अशी की गिऱ्हाइकानं वांगं दाबून पाहिलं तर ती म्हणायची, "दाब, दाब. तुजी सून बी अशीच दाबून आनलीवतीस का?" नवरा लवकर गेला. तो आणि त्याचा दोस्त गोमा हे दोघं माथेरानला एकाच हातरिक्षाला जुंपलेले. पुढं दांडीला गोमा, मागं ढकलायला काकीचा नवरा, आणि गादीवर मुंबईचा कुणीतरी सुखवस्तू देह. नवऱ्याच्या शेवटच्या दिवशी घरात रडणाऱ्यांची इतकी दाटी झाली की त्यानं डोळे उघडून म्हटलं, "यांना गप कर गं जरा." काकीनं सासूसकट सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कडी लावली, ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसले आणि लोटीनं घोटभर पाणी पाजलं. तो हसून गेला, असं ती सांगते. हसला की नाही देव जाणे, पण तेव्हापासून तिचा हात हलका आहे असा गवगवा झाला.

आता हात हलका म्हटल्यावर पुढची कुजबुज आलीच. नुसत्या पाण्यानं माणूस इतका सुखानं जाईल? लोटीत काहीतरी असणार. कुणी म्हणे मुळी, कुणी म्हणे डोंगरातल्या ठाकरांकडून आणलेला पाला. बोलावणं धाडणाऱ्या घरच्या लोकांनीसुद्धा त्या लोटीतलं पाणी कधी तोंडाला लावलं नाही. काकीनं ते कधी कबूल केलं नाही, आणि धड नाकारलंही नाही. मी शेजारचाच, कुंपणावरून विचारायचो, "काकी, खरं सांग, काय टाकतेस पाण्यात?"

"तुजी जीभ हाय का, ती कापून टाकनार हाय."

एवढ्यावर ते भागायचं. गोमाचं दुखणं येईपर्यंत भागलं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात गोमाला मुंबईच्या इस्पितळातून घरी आणलं. पोटात गाठ, आणि ती काढायच्या पलीकडे गेलेली. तिथल्या डॉक्टरनं त्याच्या मुलाला, पदूला, बाजूला घेऊन सांगितलं, "घरी न्या, आवडेल ते खायला द्या." याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. गोमालाही कळला. ज्यानं गोरे साहेब, काळे शेठ आणि त्यांच्या ट्रंकांसकट बायका लाल मातीच्या चढावरून ओढल्या, तो आता पदूच्या खांद्याला लोंबकळत परसात जायचा. त्याची बायको ठकी भिंतीकडे तोंड करून भात चिवडायची.

आमच्याकडची एक रीत इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. दुखणेकऱ्याची चौकशी करायला कुणी आलं की म्हणायचं, "उतार हाय." पाय तुटलेला असो, धाप लागलेली असो, उतार हाय. वाईट बोललं की दुखणं ते ऐकतं आणि पसरतं, अशी समजूत. शिवाय दारी आलेल्या माणसापुढं रडगाणं गाणं हे बरं नाही. त्यामुळे आमच्या गावात कुणीही मरण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत उताराला लागलेलाच असतो.

नेरळचे डॉक्टर आठवड्याला फटफटीवरून यायचे. भला माणूस, पण घाटावरचा, साताऱ्याकडचा. दारातच ठकीला विचारायचे, "काय ठकूबाई, कसे आहेत?" ठकी पदर सावरून सांगायची, "उतार हाय, डाक्तर." आत गोमा कपाळावरचा घाम पुसून उठून बसायचा. "बरं वाटतं. तुमच्या सुईनं गुन आला." डॉक्टर खूश. ताकदीची लाल सुई टोचायचे, गोळ्या द्यायचे, चहा घेऊन जायचे. फटफटीचा आवाज वेशीपलीकडे गेला की गोमा उशी दातात धरायचा.

एका दुपारी त्यानं पुतळाकाकीला बोलावून घेतलं. ठकी चुलीपुढं होती, म्हणून हे सगळं आपल्याला ठाऊक.

"वैनी," गोमा म्हणाला, "तुजी लोटी आन."

"अजून तुजी येळ नाय भावजी. मला बघूनच कळतंय."

"येळ मला आनायची हाय. पान्यात तू जे टाकतेस ते जरा जास्ती टाक."

"मी काय टाकत नाय रं."

"मग आता टाक. माज्या दोस्ताला सोडवलंस, मला का नाय सोडवत? मी काय परका?"

ज्या बाईला बोलण्यात कुणी कधी हरवलं नाही, ती पदराचं टोक चावत घरी आली आणि तण समजून मिरचीचीच रोपं उपटत बसली. मी कुंपणावरून हाक मारली तर तिनं मला शिवीसुद्धा दिली नाही. तेव्हाच मला कळलं, काहीतरी भलतं झालंय.

ठकीनं ते विहिरीवर एकीला सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत गिरणीवर पोचलं. पिठाची गिरणी हीच आमची ग्रामसभा. फरक इतकाच की इथं पट्ट्याच्या खडखडाटामुळे खासगीतलंही ओरडून बोलावं लागतं.

"परदेशात यावर मोठे वाद चाललेत," कमळाकर गुरुजी ओरडले. गुरुजींकडे वर्तमानपत्र येतं. "बरं न होणाऱ्या माणसानं मरण मागितलं तर डॉक्टरनं ते द्यावं का! दयामरण म्हणतात त्याला! आपल्याकडे मात्र तो गुन्हा आहे!"

"गुन्हाच!" दामूअण्णा म्हणाले. "म्हातारा बैल आपन मारतो का? मरंस्तवर वैरन घालतो ना?"

"वैरन घालता का बाजारला नेता, अण्णा?" बौद्धवाड्यातला जना म्हणाला. "तुमचा ढवळ्या कुठं दिसंना तो?"

"तो... तो पावन्यांकडं दिला."

लोक इतके हसले की गिरणीवाल्यानं दळण सांडलं. जना मात्र हसला नाही. "आमच्या पंचशिलात पयलंच हाय, जीव घेऊ नये. मला ते पटतं. पन मानूस तडफडताना नुसतं बघत बसा, असं काय त्यात लिवलेलं नाय."

"आनि एकदा का ही वाट उघडली," एक म्हातारी टोपली डोक्यावरून उतरवत म्हणाली, "की सुना रांग लावतील. मी मागनार नाय, पन माज्या नावानं माजी सून मागंल."

"आत्याबाय, मी हितंच उभी हाय," मागून सून म्हणाली.

"म्हनून तर सांगते!"

"हाच तर मुद्दा आहे!" गुरुजी बोट वर करून म्हणाले. "तिकडेही हेच म्हणतात! खरंच कुणी मागितलं आणि कुणी मागायला लावलं, हे ओळखायचं कसं!"

तेवढ्यात पट्टा निसटला आणि गिरणी बंद पडली. त्या शांततेत लक्षात आलं की दळण घेऊन ठकी कधीची दाराशी उभी आहे, आणि तिच्या मागे पुतळाकाकी.

"वाद घाला," ठकी म्हणाली. "मी बी घालते, माज्याशीच. तो उशी चावतो, तो आवाज ऐकला की वाटतं, सोडवा रं ह्याला कुनीतरी. आनि सकाळी तो 'चा दे' म्हनला की वाटतं, आजचा दिस राहू दे."

काहीतरी बोलायलाच हवं म्हणून दामूअण्णांनी सवयीनं विचारलं, "पन आता कसा हाय गोमा?"

ठकीनं डोळे पुसले आणि सवयीनंच उत्तर दिलं, "उतार हाय."

पुतळाकाकीनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू ठकीच्या डोक्यावर शिंग उगवलंय.

"काय म्हनलीस?"

"उतार..."

"डाक्तरला बी हेच सांगतेस?"

"मग काय सांगू? माज्या तोंडानं वंगाळ बोलू?"

काकीनं दळण तिथंच टाकलं आणि तरातरा गोमाच्या घरी. तिच्या मागे ठकी, ठकीच्या मागे मी. मला खरं तर जोंधळे दळायचे होते, पण ते कुठं पळून जाणार होते?

"भावजी," काकी खाटेपाशी बसून म्हणाली, "कसं दुखतं ते सांग. मला सांग, मी काय दुखन्याला जाऊन सांगनार नाय."

गोमानं उशी पोटाशी ओढली. मग म्हणाला, "वैनी, एखादा जाडा शेठ रिक्षात बसवलाय आनि ती रिक्षा माज्या पोटावरनं चाललीय. उतरतच नाय तो. मधी जरा थांबतो, पान खातो, पुन्हा बसतो."

"आनि डाक्तर इचारतो तवा?"

"बरं वाटतं सांगतो."

"का रं बाबा?"

"तो एवढा फटफटीवरनं येतो, आनि मी त्याच्यापुढं बायकांसारका रडू?"

"बायकांसारका रडला असतास तर कवाच उपाय लागला असता!" काकी कडाडली. "दोघांनी मिळून त्या डाक्तरला येडा केलात. तो बिचारा ताकदीच्या सुया देतोय. ताकद कुनाला? त्या शेठला!"

गोमा हसला. हसताना पोट धरलं, पण हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी लोटी घेऊन बाहेर पडली. आळी दारात. ती गोमाच्या घराकडे निघाली तशी आळी अंगणात उतरली. गुरुजींनी चष्मा काढला. काकी गोमाचं घर ओलांडून सरळ पुढं गेली आणि नेरळच्या एसटीत चढली. मीही चढलो. बाजाराचं काम होतं, ते कुठलं ते विचारू नका. एसटीत आमच्या गावची माणसं होती. काकीच्या हातातली लोटी बघून तिच्या आजूबाजूच्या सगळ्या जागा आपोआप रिकाम्या झाल्या. "बरं झालं," काकी म्हणाली आणि ऐसपैस बसली.

लोटी कशाला आणली, हे ती बोलली नाही. मला वाटतं, काही जणांना हातात पिशवी नसली की चालवत नाही, तसं असावं.

दवाखान्यात मी पडद्याच्या अलीकडे बसलो. पडदा पातळ होता, त्यात माझा दोष नाही.

"डाक्तर, गोमाला उतार नाय," काकीचा आवाज आला.

"म्हणजे? परवाच ठकूबाई म्हणाल्या..."

"ठकी खोटं बोलते. गोमा बी खोटं बोलतो. सारा गाव खोटं बोलतो. आमच्याकडं 'उतार हाय' म्हनजे रामराम म्हनल्यावानी असतं. त्याचा दुखन्याशी काय संबंध नाय."

डॉक्टरांची खुर्ची करकरली, तसा मला पडदा जरा सरकवावा लागला. डोकं दोन्ही हातांत धरून बसले होते. "अहो बाई," ते म्हणाले, "मी इतकी वर्षं इथं सगळ्यांना विचारतोय, आणि सगळ्यांना उतार आहे म्हणून मनात स्वतःची पाठ थोपटतोय."

"तुमी बी इचारताना नाडी धरायची, तोंड नाय."

"चुकलं. पण तुम्ही लोकांनीही..."

"चुकलं. झालं, फिटंफाट. आता ऐका." काकीचा आवाज खाली आला. "त्याला मरायचं हाय. माज्याकडं मागितलंन. लोकांना वाटतं मी लोटीत काय टाकते. मी कवाच काय टाकलं नाय. पन त्याला नाय म्हनले तर तो तसाच तडफडनार, आनि हो म्हनले तर माजा हात माज्याच्यानं बघवनार नाय. तुमी सांगा, मी काय करू?"

"मरण मी देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "कायदा आहेच, पण कायदा नसता तरी माझा हात वळला नसता. दुसऱ्या कुणाचा वळेल, तो वाईट माणूस असेलच असंही नाही. पण दुखणं ठेवणार नाही, हे मात्र मी करू शकतो. त्यासाठी औषध आहे, अफूच्या जातीचं. गाठ जाणार नाही, मरण टळणार नाही. पण तुमचा तो... कोण म्हणालात?"

"शेठ."

"शेठला खाली उतरवू."

औषध मुंबईहून मागवावं लागलं, आणि ते टोचायला डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊ लागले. ते टोचल्यावर गोमा असा झोपला की ठकी घाबरली. त्याच्या नाकापुढं सूत धरून बसली. गोमा जागा झाला आणि पहिलं वाक्य बोलला, "सूत काय धरतेस? सुकट भाज."

मग पावसाचं पाणी खाचरांतून ओसरेपर्यंत आणि भात पिवळं होईपर्यंत गोमा जगला. डॉक्टर आता ठकीला विचारतच नसत. दुखणं पुन्हा डोकं वर काढी, तेव्हा गोमा स्वतः सांगे, "शेठ आला," आणि डॉक्टर सुई वाढवत. आम्ही खाटेवर पत्ते खेळायचो. तो लबाडी करायचा आणि पकडला की पोट धरून कण्हायचा. मरणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, याचा त्यानं इतका फायदा घेतला की दामूअण्णा एकदा पानं टाकून म्हणाले, "गुरुजी, तुमचं ते दयामरन, आमा खेळनाऱ्यांसाठी काय हाय का त्यात?"

सगळ्यात मोठ्यानं गोमा हसला.

एकदा मात्र त्यानं काकीला जवळ बसवून सांगितलं, "वैनी, मी तवा मागितलं ते खोटं नवतं बरं. लोकांना सांगू नको की गोमा येडा झालावता. ज्याच्या पोटावर शेठ बसतो त्यालाच कळतं. पुन्हा तसा बसला तर पुन्हा मागीन."

"माग," काकी म्हणाली. "मी पुन्हा एसटीत बसंन."

कापणीच्या दिवसांत, भर उन्हात, तो गेला. ठकी त्याच्या पायाला तेल लावत होती, पदू दारात विळ्याला धार लावत होता, आणि काकी परसात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ठकीची हाक आली तशी ती लोटी शोधायला घरी पळाली. सापडली तेव्हा परत आली, पण गोमा तोवर निघून गेला होता. न रडता, न घुटमळता, आणि काकीच्या पाण्याशिवाय.

ती दारातच खाली बसली, लोटी मांडीवर. बायांना वाटलं, आता हिचा हंबरडा फुटणार. काकी म्हणाली, "चोर मेला. माज्या पान्याबिगर गेला!" आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हसतेय. लोटीत काहीतरी असतं असं जे कुजबुजायचे, त्यांच्याकडे बघून तिनं लोटी उलटी केली. रिकामी होती.

तेराव्यानंतर मी तिच्या अंगणात गेलो. ती त्याच लोटीनं गटागटा पाणी पीत होती. त्या लोटीतलं पाणी जिवंत माणूस पिताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"घे," तिनं ती माझ्यापुढं धरली. "लय दिस इचारतोस ना, काय टाकतेस?"

आता नाही म्हणावं तर आळी बघत होती. मी डोळे मिटले, मनातल्या मनात बायकोचा निरोप घेतला आणि घोट घेतला.

"काय लागलं?"

"तांबं."

"घासायला झालीय," काकी म्हणाली, आणि चिंच आणायला आत गेली.